टाकीवरचे नाव आणि चासीवरचा नंबर : देशी की विदेशी मोटारसायकल, हे ठरवण्याची रीत

२०२४ च्या दसऱ्याला मी केटीएमची ड्यूक २५० घरी आणली, तेव्हा बाबांनी गाडीला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला आणि सगळे पांगल्यावर हळूच विचारले, "पिंपरी-चिंचवडमध्ये राहून ऑस्ट्रियाची गाडी घेतलीस?" बाबांची सारी हयात भोसरी एमआयडीसीतील ब्रेकचे भाग बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात गेली. दिवाळीचा बोनस किती मिळणार, हे त्या वर्षी दुचाकी किती विकल्या गेल्या यावर ठरते, हे त्यांनी तीस वर्षे पाहिले होते. त्यामुळे त्यांचा प्रश्न नुसत्या भावनेचा नव्हता, आणि "आता जग एक झाले आहे" असे उडते उत्तर देऊन तो टाळणे मला योग्य वाटले नाही. त्यानंतर वर्षभर आमचा जो वाद चालला, त्यातून गाडी निवडण्याची एक रीत आपोआप तयार झाली. देशाचा विचार करून गाडी घेऊ इच्छिणाऱ्याला ती उपयोगी पडावी, म्हणून येथे क्रमाने मांडतो.

पायरी पहिली : आपल्यापुरता 'स्वदेशी'चा अर्थ ठरवा

७ ऑक्टोबर १९०५ रोजी पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत काळबादेवी भागात विदेशी कापडाचा ट्रक अडवताना बाबू गेनू यांनी प्राण दिले. त्या काळी प्रश्नाची उकल सरळ होती, कारण मँचेस्टरचे कापड मँचेस्टरच्या गिरणीत विणले जाई आणि त्याचा नफाही तिकडेच जाई. मोटारसायकलीचे तसे नाही. ती हजारभर सुट्या भागांची असते. तिचे नाव एका देशातले, मालक दुसऱ्या देशातला, कारखाना तिसऱ्या देशात आणि चुंबक चौथ्या देशातून आलेले, असे सर्रास असते. (जाता जाता : बाबू गेनू आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळचे, आणि बजाजचा चाकणचा कारखाना ज्या महाळुंग्यात आहे ते खेड तालुक्यातले वेगळे गाव. पण चाकणवरून जाताना पाटीवरचे नाव वाचले की मला हटकून त्यांची आठवण होते.)

म्हणून कागद घेऊन चार प्रश्न लिहावेत. कंपनीची मालकी कोणाकडे आहे, म्हणजे शेवटी नफा कोठे जातो? गाडी कोणत्या कारखान्यात बनते, म्हणजे पगार कोणाला मिळतो? सुटे भाग कोठून येतात? आणि इंजिनाचा व गाडीचा आराखडा कोणाच्या अभियंत्यांनी केला? या चारही प्रश्नांना "भारत" असे उत्तर मिळणाऱ्या गाड्या आहेत, पण त्या समजुतीपेक्षा कमी आहेत. उरलेल्या सगळ्या गाड्यांच्या बाबतीत आपल्याला यांपैकी कशाला जास्त किंमत आहे, हे ठरवावे लागते. बाबा न अडखळता म्हणाले, "कारखाना आणि सुटे भाग. नफ्याचे शेटजी बघून घेतील." माझ्या एका मित्राला मालकीच महत्त्वाची वाटते. त्याच्या मते मजुरी आज येथे आणि उद्या व्हिएतनामला जाऊ शकते, आपल्या हातात राहते ते फक्त तंत्र आणि भांडवल. दोन्ही मते प्रामाणिक आहेत. मात्र ती एका गाडीत जमतीलच, असे नाही.

पायरी दुसरी : टाकीवरच्या नावाचा इतिहास तपासा

या पायरीवर बहुतेकांचा गोंधळ होतो, म्हणून येथे जरा रेंगाळू या.

बुलेट ही आपल्याकडे अस्सल देशी गाडी मानली जाते. पण रॉयल एनफिल्ड मूळची इंग्लंडमधील रेडिच गावची. १९५५ मध्ये मद्रास मोटर्सबरोबर एनफिल्ड इंडिया उभी राहिली, पुढे इंग्लंडमधील मूळ कंपनी बंद पडली आणि मद्रासची शाखाच झाड होऊन बसली. १९९४ पासून ती आयशर समूहाकडे आहे. म्हणजे नाव इंग्रजी, पण मालक, कारखाने आणि कामगार भारतीय. याच्या उलट होंडाची भारतातील दुचाकी कंपनी. तिचे कारखाने हरियाणा, राजस्थान, कर्नाटक आणि गुजरातमध्ये आहेत, कामगार भारतीय आहेत, पण मालकी संपूर्णपणे जपानी आहे. बुलेटवाल्याने होंडावाल्याला "परदेशी" म्हणून हिणवावे, तर मालकीच्या प्रश्नावर तो बरोबर आहे. मजुरीच्या प्रश्नावर मात्र दोघेही एकाच बाकावर बसतात.

ज्यांना आपण निःसंशय देशी म्हणतो, त्या कंपन्याही विदेशी गुरूच्या हाताखाली शिकूनच मोठ्या झाल्या. बजाजने प्याजिओच्या परवान्याखाली स्कूटर बनवल्या आणि ऐंशीच्या दशकात कावासाकीबरोबर मोटारसायकली काढल्या. २००१ मध्ये आलेली पल्सर हे त्या शिक्षणाचे फळ होते. हिरो आणि होंडा यांचा संसार १९८४ ते २०१० असा चालला. टीव्हीएस आणि सुझुकी २००१ मध्ये विभक्त झाल्या. आज गंगा उलटी वाहते आहे. २०२० मध्ये टीव्हीएसने इंग्लंडची नॉर्टन विकत घेतली, आणि महिंद्रांनी बीएसए हे एके काळचे नामांकित इंग्रजी नाव २०१६ मध्येच आपल्याकडे आणले होते. दुसऱ्या बाजूला बेनेली पाहा. नाव इटालियन, दुकानात इटलीचे झेंडे, पण २००५ पासून मालक चिनी आहे. चिनी माल नको म्हणून कोणी बेनेली घेतली, तर त्याचा हेतू आणि त्याचे पैसे वेगवेगळ्या दिशांना जातात.

आमच्या ड्यूकची गोष्ट तर याहून गमतीची आहे. केटीएम ही ऑस्ट्रियातील माटिगहोफेनची कंपनी. बजाजने २००७ मध्ये तिच्यात भागीदारी घेतली. २०११ मध्ये चाकणला बनलेली ड्यूक १२५ आधी युरोपात विकली गेली, आणि २०१२ च्या जानेवारीत ड्यूक २०० भारताच्या बाजारात आली. म्हणजे मावळातल्या पोरांच्या हातून बांधलेली गाडी ऑस्ट्रियातल्या पोरांनी आपल्याआधी चालवली. ट्रायम्फची स्पीड ४०० ही तशीच. २०२३ पासून ती चाकणला बनते आणि ब्रिटनमध्येही विकली जाते. तेथील देशभक्त ग्राहकासमोर आता आपलाच प्रश्न उलट्या बाजूने उभा आहे. इटालियन नावाची एप्रिलिया आरएस ४५७ तर बारामतीत बनते.

पायरी तिसरी : शोरूममध्ये गुडघे टेकून पाहा

विक्रेत्याला "ही मेड इन इंडिया आहे का?" असे विचारले, तर तो हो म्हणणारच. त्यापेक्षा मोबाइलची बॅटरी लावावी आणि हँडल डावीकडे पूर्ण वळवावे. हँडलच्या खाली, चासीच्या पुढच्या नळीवर, बहुधा उजव्या बाजूला, सतरा अक्षर-अंकांचा नंबर कोरलेला असतो. त्याची पहिली तीन अक्षरे निर्माता सांगतात आणि पहिली दोन देश सांगतात. भारतात बनलेल्या गाड्यांचे नंबर सामान्यतः एम-ए ते एम-ई या अक्षरांनी सुरू होतात. जपानचे 'जे'ने सुरू होतात. थायलंडची गाडीसुद्धा 'एम'नेच सुरू होते, मात्र तिचे दुसरे अक्षर 'एल' ते 'आर' यांपैकी असते. म्हणून पहिले अक्षर पाहून लगेच उठू नये. बजाजची खूण एम-डी-२ आहे. बाबांनी आमच्या ड्यूकखाली बॅटरी धरली, चष्मा कपाळावर ढकलला आणि एकेक अक्षर मोठ्याने वाचले : एम, डी, दोन. मग ते काही वेळ गप्प राहिले.

मात्र हा नंबर फक्त कारखाना सांगतो, आतल्या भागांविषयी तो गप्प असतो. परदेशातून सुट्या पेट्यांत आलेली गाडी येथे केवळ जोडली गेली, तरी तिला भारतात जोडलेली म्हणता येते. व्यवहारात याला सीकेडी म्हणतात, आणि पूर्ण बांधून जहाजातून आलेल्या गाडीला सीबीयू. विक्रेत्याला हेच दोन शब्द वापरून विचारावे. त्याला ते कळतात, आणि विचारणारा माहीतगार आहे हेही कळते.

त्यानंतर भागांवरच्या खुणा पाहाव्यात. बाबांना हे व्यसनच आहे. रस्त्यात उभ्या असलेल्या परक्या गाडीच्या कॅलिपरवरही, म्हणजे चाकाची चकती आवळणाऱ्या ब्रेकच्या भागावरही, ते ओतकामाची खूण शोधतात. ब्रेकच्या कॅलिपरवर 'बायब्रे' दिसले, तर ते इटलीच्या ब्रेंबो कंपनीचे नाव आहे, पण लहान गाड्यांसाठीचे हे ब्रेक पुणे परिसरातच बनतात. शॉकअप, क्लच आणि अलॉय चाके बनवणारी एन्ड्युरन्स ही छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजची कंपनी. दिवे आणि प्लॅस्टिकचे भाग बनवणारी व्हॅरॉक त्याच शहरातली. चेनवर 'रोलॉन' असेल, तर ती कोइमतूरची. टायरच्या कडेवर देशाचे नाव आणि चार अंकी तारीख असते. त्यातले पहिले दोन अंक आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे. म्हणजे '२३२५' हा २०२५ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. देशाचा शोध घेता घेता शोरूममध्ये दीड वर्ष पडून राहिलेली गाडी आपल्या गळ्यात मारली जात नाही ना, हेही यातून कळते.

सगळेच भाग असे दिसत नाहीत. २०२५ मध्ये चीनने दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध आणले, आणि बजाजच्या, म्हणजे आकुर्डीच्या, विजेवरच्या चेतक स्कूटरचे उत्पादन अडचणीत आले. नाव राणाप्रतापांच्या घोड्याचे, कारखाना पुण्याचा, आणि मोटरमधल्या चुंबकासाठी चीनकडे डोळे. म्हणून "शंभर टक्के स्वदेशी" ही पाटी कोठेही दिसली, तरी विश्वास जरा राखून ठेवावा. सरकार स्वतः खरेदी करताना सुद्धा शंभर टक्क्यांचा आग्रह धरत नाही. ५० टक्के वा त्याहून अधिक मूल्य देशात निर्माण झाले, तर पुरवठादार पहिल्या वर्गात धरला जातो. घरच्या वादातही हा निकष पुरेसा आहे.

पायरी चौथी : किमतीची फोड करा

सीमाशुल्क आणि जीएसटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या वेगवेगळ्या रेषांवर बदलतात. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पाने पूर्ण बांधलेल्या विदेशी मोटारसायकलींवरील सीमाशुल्क १६०० सीसीपर्यंत ५० वरून ४० टक्के आणि त्यावरच्या इंजिनांसाठी ३० टक्के केले. सुट्या पेट्यांतून येणाऱ्या गाड्यांवर ते १० टक्के झाले. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवर १८ टक्के आणि त्यापुढे ४० टक्के जीएसटी लागतो. ही दुसरी रेषा देश पाहत नाही. जपानी मालकीच्या होंडाची ३४८ सीसीची सीबी ३५० स्वस्त गटात बसते, आणि चेन्नईत बनणारी, भारतीय मालकीची हिमालयन ४५० महाग गटात जाते. स्वदेशीचा आग्रह धरणाऱ्या ग्राहकाला हा अन्याय वाटेल, पण कोटेशन त्याच्या वाटण्यावर ठरत नाही.

उदाहरण घेऊ. बंदरावर उतरलेल्या ६०० सीसीच्या विदेशी गाडीचे मूल्य १०० रुपये धरले, तर सीमाशुल्कासह ती १४० रुपयांची होते, आणि त्या १४० वर ४० टक्के जीएसटी लागून किमान १९६ रुपयांची होते. येथे बनलेली १०० रुपयांची त्याच ताकदीची गाडी १४० वर थांबते. मधले ५६ रुपये परदेशी कंपनीला मिळत नाहीत. ते आपल्याच सरकारच्या तिजोरीत जातात. एका अर्थी विदेशी गाडी घेणारा सर्वांत जास्त करभरणा करतो, आणि हा मुद्दा घरच्या वादात वापरता येतो. बाबांवर मात्र त्याचा काहीही परिणाम झाला नाही.

याशिवाय आरटीओचा कर धरावा. महाराष्ट्रात तो देशात बनलेल्या दुचाकीला इंजिनाच्या आकाराप्रमाणे साधारण १० ते १२ टक्के पडतो. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे. २०२२ च्या दरपत्रकाप्रमाणे १५० ते ३५० सीसीला त्याचा हप्ता ७,३६५ रुपये, तर ३५० च्या वर १५,११७ रुपये होता. म्हणजे येथेही खरी सीमा ३५० सीसीचीच आहे. कोटेशनमध्ये 'हँडलिंग चार्जेस' असे काही दिसले, तर त्यावर बोट ठेवून हिशेब विचारावा. या एका बाबतीत देशी आणि विदेशी शोरूममध्ये मला कधीच फरक आढळला नाही.

पायरी पाचवी : सुटा भाग किती दिवसांत मिळतो, ते आधी पाहा

देशप्रेमाची चर्चा मोठी असते, पण रोजच्या आयुष्यात त्रास देतो तो क्लचचा लिव्हर. या ड्यूकच्या आधी माझ्याकडे एक जुनी, पूर्ण आयात केलेली गाडी होती. कंपनीचे नाव सांगत नाही. ताम्हिणी घाटात शेवाळावर घसरलो, मला खरचटले नाही, पण लिव्हर मुडपला. हातभर लांबीचाही नसलेला तो तुकडा येण्यास अकरा आठवडे लागले. तोवर गाडी पार्किंगमध्ये चादर पांघरून उभी होती आणि मी कंपनीच्या बसने कामावर जात होतो. माझा मेकॅनिक म्हणाला, "दादा, पल्सरचा असता तर समोरच्या दुकानातून चहा होईपर्यंत आणला असता."

म्हणून टेस्ट राइडला जाण्याआधी सर्व्हिस सेंटरला फोन करावा आणि सहा वस्तूंची किंमत व उपलब्धता विचारून लिहून घ्यावी : क्लच लिव्हर, क्लच प्लेट, ब्रेक पॅड, चेन-स्प्रॉकेटचा संच, आरसा आणि हेडलाइट. शोरूमला विचारू नये. तेथे सगळेच "स्टॉकमध्ये" असते. आपण नांदेड, रत्नागिरी किंवा चंद्रपूरला राहत असाल, तर जवळचे सर्व्हिस सेंटर किती किलोमीटरवर आहे, आणि वॉरंटीत गाडी बंद पडली तर ती तेथवर नेण्याचा खर्च कोण देणार, हेही विचारावे.

कंपनी टिकेल का, हा प्रश्न यालाच जोडून येतो. २०२० च्या सप्टेंबरमध्ये हार्ले-डेव्हिडसनने हरियाणातील बावलचे आपले काम गुंडाळण्याचे जाहीर केले, तेव्हा मालकांचे धाबे दणाणले. पुढच्याच महिन्यात हिरोने विक्री आणि सेवा हाती घेतली, म्हणून निभावले. २०२३ पासून हार्ले एक्स ४४० राजस्थानात हिरोच्याच कारखान्यात बनते. पण देशी म्हणजे अमर, असे समजणेही चुकीचे आहे. येझदी गाड्या बनवणारी म्हैसूरची आयडियल जावा १९९६ मध्ये बंद झाली, आणि येझदीचे मालक पुढे वर्षानुवर्षे भागांसाठी जुन्या बाजारात फिरत राहिले.

जुनी गाडी घेणार असाल तर

जुनी विदेशी गाडी घेतली, तर पैसा देशाबाहेर जातच नाही. तो कोथरूडच्या एखाद्या गृहस्थाच्या खात्यात जमा होतो. देशनिष्ठेचे ओझे येथे बरेच हलके होते, कागदपत्रांचे मात्र वाढते. आरसीवरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून पाहावा. कर्ज असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचे पत्र, नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३०, गाडी दुसऱ्या आरटीओतील वा राज्यातील असेल तर फॉर्म २८ ची एनओसी घ्यावी. परदेशातून आयात केलेली गाडी असेल, तर सीमाशुल्क भरल्याचा कागद मागावा. तो "घरी आहे, नंतर देतो" असे उत्तर आले, तर टोकन देऊ नये.

पायरी सहावी : डिलिव्हरीच्या दिवशी

पूजेच्या घाईत कागद पाहायचे राहतात. बिल, फॉर्म २१ म्हणजे विक्रीचा दाखला आणि फॉर्म २२ म्हणजे निर्मात्याने दिलेला रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याचा दाखला, या तिन्हींवरचे चासी आणि इंजिन नंबर एकच आहेत ना, हे पाहून मगच हार घालावा. फॉर्म २२ निर्माता देतो. त्यामुळे टाकीवर काहीही लिहिलेले असले, तरी गाडी कोणत्या कंपनीने बनवली हे या कागदावर साध्या शब्दांत छापलेले असते. त्याचा फोटो काढून ठेवावा. घरच्या वादात मूळ प्रत हातोहात फिरून मळते.

आमच्याकडची ती प्रत मळलीच. नोव्हेंबर २०२४ मध्ये, म्हणजे आमच्या गाडीला जेमतेम दीड महिना झाला असताना, ऑस्ट्रियात केटीएमने दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि बाबांनी पेपर माझ्यासमोर धरून "घे, तुझी कंपनी" असे म्हटले. २०२५ मध्ये बजाजने पैसा ओतून केटीएमची सूत्रे आपल्या हाती घेतली. गाडी तीच, पार्किंगची जागा तीच, चासीवरचा नंबरही तोच, पण मालकीच्या प्रश्नाचे उत्तर आमच्या डोळ्यांदेखत ऑस्ट्रियातून आकुर्डीला आले. त्या दिवशी बाबा खाली गेले, पुन्हा बॅटरी लावून बसले आणि पंधरा मिनिटांनी वर येऊन म्हणाले, "मागच्या ब्रेकवरची खूण कोणाची आहे ते कळत नाही. उद्या उजेडात बघू."